नेफा, नवार आणि हॅमॉक



मागच्या लेखात दिवाळीच्या फराळानंतर उरलेल्या भाजणीचं काय करायचं ते लिहिलं होतं. आजचा विषय अगदीच वेगळा आहे, आणि त्याची सुरुवात माझ्या माकडहाडापासून होते.

थोरली लेक यंदा चौदा वर्षांची झाली. डिसेंबरमध्ये तिच्या गटाचं तीन दिवसांचं शिबिर होतं, आंबा घाटाच्या बाजूला, जंगलात. सामानाच्या यादीत लिहिलं होतं, 'झोपण्यासाठी जाड सतरंजी किंवा हॅमॉक'. सतरंजी म्हटलं की मला विंचू दिसतो. नुसता विंचू चावेल ही भीती नाही. रात्री झोपेत कूस बदलताना अंगाखाली काय काय चिरडलं जाईल, हाही विचार येतो, आणि तो तुम्हालाही आला असता. म्हणून ठरलं, हॅमॉक. लेक म्हणाली, विकत मिळतात, पॅराशूटच्या कापडाचे. मी म्हटलं, घरात शिलाई मशीन आहे, इचलकरंजी तासाभराच्या अंतरावर आहे, आणि आईला पाळणा बांधता येत नाही होय?

तर येत नव्हता. पण ते पुढे.

कापड आणलं ते कोरा मांजरपाट, दीड मीटर पन्ह्याचा, तीन मीटर. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, आणि आज कुठल्याही गल्लीत गेलं तरी मागांचा खडखडाट ऐकू येतो, त्यामुळे कापडाला तोटा नाही. लांब कडा दुमडून दोनदा शिवल्या. दोन्ही आखूड टोकांना परकराला घालतो तसा रुंद नेफा घातला, त्याला तीन-तीन टिपा मारल्या. नेफ्यातून दोर ओवला की कापडाच्या चुण्या गोळा होतात आणि मधला भाग होडीसारखा खोल होतो. एवढीच शिवण, दीड तासाचं काम. शिवताना मनात येत होतं की ही वस्तू पहिल्यांदा कुणी केली असेल? लेकीला विचारलं तर म्हणाली, "कुठल्यातरी कॅम्पिंगच्या कंपनीने." मग रात्री मी वाचायला बसले, आणि दोन आठवडे वाचतच राहिले.

'हॅमॉक' हा शब्द इंग्रजांचा नाही. इंग्रजांनी तो स्पॅनिश लोकांकडून घेतला, आणि स्पॅनिश लोकांनी तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून. त्यांच्या भाषेत 'हमाका'. कोलंबस १२ ऑक्टोबर १४९२ ला पहिल्या बेटावर उतरला. आपल्याला शाळेत हे वाक्य पाठ असतं आणि त्यापुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. पाचच दिवसांनी, १७ ऑक्टोबरला, त्याच्या रोजनिशीत नोंद आहे की इथल्या घरांतली अंथरुणं कापसाच्या जाळ्यांसारखी आहेत. पुढे ३ नोव्हेंबरला, क्यूबाच्या किनाऱ्यावर, लोक होड्यांतून सूत आणि ह्या झोपायच्या जाळ्या घेऊन अदलाबदलीला आले, तेव्हा तो शब्दही कागदावर उतरला. म्हणजे नव्या जगातून युरोपच्या कागदावर गेलेल्या अगदी पहिल्या शब्दांपैकी एक शब्द अंथरुणाचा आहे. राजाचा नाही, सोन्याचा नाही. मला हे फार आवडलं.

ओव्हिएदो नावाचा एक स्पॅनिश अधिकारी पुढे बरीच वर्षं त्या भागात राहिला. त्याचं पहिलं पुस्तक १५२६ चं आणि मोठा इतिहास १५३५ चा. त्यात हमाकाचं चित्रसुद्धा छापलेलं आहे, दोन झाडांना टांगलेलं. तो बारकाईने सांगतो: कापड कुठे विणलेलं, कुठे जाळीसारखं उघडं, कारण हवा खेळावी, कापूस बायकांनी हाताने कातलेला, आणि दोन्ही टोकांना जे दोर, ते मात्र कापसाचे नाहीत, दुसऱ्या एका वनस्पतीच्या वाखाचे. ती वनस्पती म्हणजे आपल्या घायपाताच्या कुळातली. आपल्या बांधावर, रेल्वेच्या कडेला जी काटेरी घायपात दिसते, ती मुळात अमेरिका खंडातलीच. अंगाला लागतं तिथे मऊ सूत, ओझं पडतं तिथे चिवट वाख. ज्या बाईने हा हिशेब पहिल्यांदा केला तिला कपड्याची जाण होती, यात मला शंका नाही.

कापसाचं बोलायचं तर आणखी एक गंमत. आज महाराष्ट्रात जो कापूस पिकतो तो बहुतेक सगळा अमेरिकेतून आलेल्या जातीचा. आपले जुने देशी कापूस आखूड धाग्याचे, ते मागे पडले. त्यामुळे माझा 'इचलकरंजीचा' मांजरपाट म्हणजे त्या बायकांच्या शेतातल्या कापसाचा लांबचा नातेवाईकच निघाला.

आता जे लिहिणार आहे ते लिहू की नको असं झालं होतं. पण शिवणाची गोष्ट सांगायची आणि हे गाळायचं, ते मला पटेना.

कोलंबसाने पहिल्या भेटीत ताइनो लोकांना काचेचे मणी आणि पितळी घुंगरं वाटली. ही घुंगरं युरोपात शिकारी ससाण्याच्या पायात बांधत. लोकांना त्यांचा आवाज फार आवडला. तीन वर्षांनी, १४९५ मध्ये, हिस्पॅनिओला बेटावर (आज तिथे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे दोन देश आहेत) त्याने कर बसवला. चौदा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी ते घुंगरू भरून सोन्याची भुकटी द्यायची. जिथे सोनं नाही तिथल्यांनी प्रत्येकी २५ पौंड कापूस. म्हणजे साधारण साडेअकरा किलो.

मी स्वयंपाकघरात वजनकाटा घेऊन बसले. आमच्या घरच्या एका उशीत किलोभर कापूस असतो. अशा साडेअकरा उशा, एका माणसाकडून, तीन महिन्यांत. त्यांच्या घरात पाच माणसं असतील तर सत्तावन्न उशा. पिकवायचा, वेचायचा, सरकी काढायची, वाहून न्यायचा. त्यात घरच्यांसाठी अंथरूण विणायला वेळ कधी उरला असेल? आणि वय चौदा. माझी लेक शेजारच्या खोलीत भूमितीचा गृहपाठ करत होती.

त्या बेटाच्या नैर्ऋत्येला हारागुआ नावाचं मोठं राज्य होतं. तिथे अनाकाओना नावाची राणी होती. कोलंबसाचा भाऊ तिच्याकडे खंडणी मागायला गेला तेव्हा आमच्याकडे सोनं नाही म्हणून तिने आणि तिच्या भावाने कापूस आणि कसाव्याच्या भाकरी द्यायचं कबूल केलं आणि दिल्याही. तिचं एक कोठार होतं आणि त्यात सोनंनाणं नव्हतं. त्यात लाकडात कोरलेली बसायची आसनं, ताटवाट्या, कातलेलं सूत अशी घरची वस्तू भरलेली होती. त्यातलं बरंच बायकांच्या हातचं. आपल्या रुखवतासारखंच म्हणा ना. १५०३ मध्ये नवा गव्हर्नर ओवांदो तिच्याकडे पाहुणा म्हणून आला. तिने सगळ्या सरदारांना जमवून त्याचं स्वागत केलं. त्याने सरदारांना घरात कोंडून घर पेटवलं, आणि अनाकाओनाला नंतर फाशी दिलं. कर, खाणीतली वेठ, उपासमार, आणि १५१८ च्या अखेरीस आलेली देवीची साथ, यांत कोलंबस आल्यापासून पन्नास वर्षांच्या आत त्या बेटावरचे ताइनो मूठभर उरले. ते पूर्ण संपले असं पूर्वी लिहीत. ते खरं नाही. पोर्टो रिको, क्यूबा, डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या कितीतरी लोकांच्या रक्तात ते आजही आहेत, आणि त्यातले काही स्वतःला अभिमानाने ताइनो म्हणवतात.

आणि त्यांचं अंथरूण मात्र त्यांना मारणाऱ्यांनी जगभर नेलं.

झालं असं की जहाजावर खलाशी तोवर लाकडी फळ्यांवर, ओल्या जागेत, जिथे जागा मिळेल तिथे झोपत. टांगलेलं अंथरूण जहाज हललं तरी सरळ राहतं, ओलं होत नाही, सकाळी गुंडाळून ठेवता येतं. वॉल्टर रॅले या इंग्रजाने १५९६ मध्ये गयानाच्या प्रवासाचं पुस्तक छापलं, त्यात हमाका आहे. दुसऱ्याच वर्षी, १५९७ मध्ये, इंग्लंडच्या आरमाराने खलाशांसाठी टांगत्या अंथरुणांचं कापड मंजूर केलं. पुढे तीनशेहून अधिक वर्षं इंग्रज खलाशी त्यातच झोपला. कापूस जाऊन जाड कॅनव्हास आला, आणि माणशी जागा नेमून दिली ती १४ इंच. शिवणाची टेप काढून बघा, १४ इंच म्हणजे आपल्या दोन्ही खांद्यांएवढीसुद्धा रुंदी नाही. अर्धे पहाऱ्यावर असत म्हणून शेजारची जागा मोकळी मिळे, एवढाच दिलासा. सकाळी शिट्टी झाली की हॅमॉक सात वेढ्यांनी आवळून बांधायचा, तो ठरलेल्या कडीतून गेला पाहिजे, आणि मग जहाजाच्या कठड्यावरच्या जाळीत रचायचा. लढाईत गोळ्या अडवायला त्यांचाच तट होई. आणि खलाशी मेला की त्याला त्याच्याच हॅमॉकमध्ये शिवून, पायाशी तोफगोळे बांधून, समुद्रात सोडत. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने त्याला वर छप्पर आणि बाजूने मच्छरदाणी लावून जंगलातल्या सैनिकांना दिला. आज दुकानात 'कॅम्पिंग हॅमॉक' म्हणून जे लटकत असतं ते ह्या रांगेतलं शेवटचं.

आता माकडहाड.

रविवारी आम्ही मळ्यात गेलो. विहिरीजवळ दोन आंबे आहेत, मध्ये बारा-तेरा फुटांचं अंतर. झाडाला दोर बांधायचा म्हटलं की साल कापली जाते. झाडही जीवच, आणि तेही आमच्या सासऱ्यांनी लावलेलं. म्हणून जुन्या खाटेची नवार काढली होती, चांगली तीन बोटं रुंद, तिचे दोन वेढे खोडाला घातले. ओझं रुंद पट्ट्यावर पसरतं, सालीला व्रण पडत नाही. लेकीच्या यादीतसुद्धा झाडासाठी रुंद पट्टा आणा असं लिहिलेलं होतं, ते वाचून बरं वाटलं. मग नवारीला कपडे वाळत घालायची नवी नायलॉनची दोरी बांधली, आणि कापड खाली लोंबू नये म्हणून दोन्हीकडून जीव खाऊन ताणलं. छान दिसत होतं, अगदी टेबलासारखं सपाट. लेकीला चढवायच्या आधी स्वतः बसून बघावं म्हणून बसले. पाय वर घेतले. दोरी तुटली. मी जमिनीवर.

आमच्या आत्या बाजेवर शेंगा फोडत बसल्या होत्या. (आत्या म्हणजे सासूबाई. पुण्या-मुंबईच्या वाचक मैत्रिणींसाठी सांगते, आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात.) अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. उठून आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ताणून कशाला बांधलीस गं? झोळी काय ताणून बांधत्यात व्हय?"

मग त्या तिथेच खाली बसल्या आणि सांगायला लागल्या. आमच्या ह्यांच्या डाव्या भुवईवर एक आडवी खूण आहे. लग्न झाल्यापासून मी ऐकत आले आहे की लहानपणी उंबऱ्यावरून पडले. ते खोटं. ते सात महिन्यांचे असताना आत्या भुईमूग भांगलायला जायच्या, आणि बांधावरच्या दोन बाभळींच्या मध्ये जुन्या लुगड्याची झोळी टांगून त्यांना त्यात निजवायच्या. एक दिवस रानात कुत्री फार फिरत होती. कुत्र्याचं तोंड पोचू नये म्हणून त्यांनी झोळी उंच घेतली, आणि उंच राहावी म्हणून ताणली. चार सरी पुढे गेल्या आणि मागे आवाज झाला. दोर तुटला होता. पोराच्या भुवईतून रक्त. आत्यांनी त्यात हळद भरली, घरी येऊन सासूला सांगितलं, उंबऱ्यावरून पडलं. सासूला खरं सांगायची छाती झाली नाही. पुढे सांगायचं राहूनच गेलं, आणि सासूही गेल्या. "पन्नास वर्षं झाली," म्हणाल्या. "तू पडलीस तसा तो आवाज परत आला बघ."

मला काय बोलावं कळेना. मी त्यांचा हात धरून बसले. लेक मात्र वही घेऊन आली. तिने आकृती काढून दाखवली की आज्जीचं बरोबर आहे, आणि का बरोबर आहे. तेही सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी हे करून बघणार असेल तर हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

माझं वजन ६८ किलो. दोर जमिनीशी आडव्या रेषेपासून ३० अंश खाली उतरत असेल, तर प्रत्येक दोरावर ताण येतो बरोबर माझ्या वजनाएवढा, ६८ किलोचा. तोच १५ अंशांवर आणला तर जवळजवळ दुप्पट. मी बांधला होता तसा १० अंशांवर, तर प्रत्येक बाजूला १९५ किलोच्या वर. आणि अगदी ५ अंश म्हणजे पावणेचारशेच्या पुढे. जितकं सपाट तितकं घातक. कपड्यांच्या दोरीचा दोष नव्हता. कोन मोजायला फार काही लागत नाही, पोरांच्या कंपासपेटीतला लांबट गुण्या घ्यायचा, त्याचा छोटा कोपरा तीस अंशांचाच असतो. तो डोळ्यासमोर धरून दोराचा उतार जुळवायचा. नायलॉनची दोरी फेकली आणि बैलांचा चांगला दणकट कासरा घेतला. आता आमच्याकडे बैल नाहीत, पण कासरे अजून टांगलेले आहेत.

गाठ आत्यांनी दाखवली. कापडाचं टोक मुठीत गोळा करून मागे दुमडायचं, त्या दुमडीतून दोर वर काढायचा, मागून वेढा द्यायचा आणि स्वतःच्याच खालून ओढायचा. ओझं पडेल तशी ती आवळत जाते, आणि ओझं गेलं की दोन बोटांनी सुटते. मी नंतर पाहिलं, जहाजावरचे खलाशी जिला शीट बेंड म्हणतात ती हीच. आत्यांनी ती त्यांच्या आईकडून घेतली. नेफ्याकडे बघून मात्र त्यांनी नाक मुरडलं: "ह्ये कशाला शिवत बसलीस?" खरं आहे, त्या गाठीला नेफा लागतच नाही. दीड तास गेला तो गेला.

मुंग्यांचा उपायही त्यांचाच. दोराला, झाडाजवळच्या वीतभर भागाला, चुलीतली राख चोळायची. मुंगी तिथवर येते आणि परत फिरते. मरत नाही. झोळीतल्या पोराला मुंगी लागू नये आणि मुंगीलाही काही होऊ नये, असं दोन्ही साधणारं औषध दुकानात मला अजून मिळालेलं नाही.

निजायचं कसं हेही शिकावं लागतं. आपण सरळ लांबीत झोपतो, मग पाठ केळ्यासारखी वाकते आणि सकाळी कंबर धरून उठतो. मेक्सिकोच्या युकातान भागात माया लोकांच्या घरी आजही खाटेपेक्षा हॅमॉक जास्त. भिंतीत जागोजागी कड्या असतात, दिवसा गुंडाळून ठेवायचा, रात्री टांगायचा. तिश्कोकोब नावाचं गाव तर त्यासाठीच ओळखलं जातं. तिथे घरोघरी बायका उभ्या लाकडी चौकटीवर, स्वयंपाकपाणी सांभाळून, फावल्या वेळात हॅमॉक विणतात. आपल्या पापड-शेवयांच्या उद्योगासारखंच. ही कला त्यांच्याकडेही कॅरिबियन बेटांवरूनच आली असं मानतात. तिथली माणसं लांबीत झोपत नाहीत, तिरकी झोपतात. डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला, म्हणजे कापड सपाट पसरतं आणि पाठ सरळ राहते. मी तिरकी झाले आणि पहिल्यांदा कळलं की लोक ह्यात रात्र कशी काढतात.

आणि थंडी. हे कुणी सांगत नाही. वर कितीही पांघरा, खालून वारा लागतो, कारण अंगाखालचं पांघरूण दबून पातळ होतं. १५०० साली पोर्तुगीज जहाजं ब्राझीलच्या किनाऱ्याला लागली, तेव्हा काफिल्यातल्या पेरू व्हाझ द कामिन्या नावाच्या लेखनिकाने १ मे ला राजाला पत्र लिहिलं. त्यात तिथल्या लांब घरांचं वर्णन आहे: खांबापासून खांबापर्यंत टांगलेल्या जाळ्या, आणि खाली ऊबेसाठी पेटवलेल्या लहान लहान शेकोट्या. पोर्तुगीज भाषेत हॅमॉकला आजही 'रेद', म्हणजे जाळंच म्हणतात. त्या काफिल्यातली जहाजं तिथून पुढे आली ती आपल्याकडे, कालिकतला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कालिकतच्या दंगलीत तो कामिन्या मारला गेला. ब्राझीलच्या झोळीचं वर्णन करणाऱ्या माणसाची राख-माती केरळात, हे वाचून मला उगीचच हुरहुर लागली. त्याने आपल्याकडे उतरल्यावर झाडाला टांगलेली एखादी झोळी पाहिली असेल का?

कारण झोळी आपल्याकडे होतीच, ती कुणी बाहेरून आणली नाही. गोव्यात बांबूला टांगून खांद्यावरून न्यायची मंचील होती, जमीनदार आणि पाद्री त्यात बसत, आणि चालणारे दुसरेच असत. ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या भागात येतात तेव्हा बैलगाडीच्या साटीखाली, फडाच्या कडेच्या झाडाला, साडीच्या झोळ्या दिसतात. पालघर, नंदुरबारच्या पाड्यांवरून अडलेल्या बाळंतिणीला चादरीच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो आणि पान उलटतो. महावीर जयंतीला मंदिरात पाळणा हलवायचा पहिला मान मिळावा म्हणून आपण सवाल घेतो, आकडा चढत जातो, टाळ्या पडतात. मीही घेतला आहे. त्या सवालावर माझी तक्रार नाही. एवढंच की आता तो चढताना मला बाभळीच्या मधली झोळी आठवेल.

असो. लेकीला पाठवायच्या आधी मी एक पूर्ण रात्र मळ्यात त्या झोळीत झोपले. खाली वाकळ अंथरली, वर एक घेतली. आत्या बाजेवर. मध्यरात्री जाग आली तर त्या कासऱ्याला हात लावून बघत होत्या.

शिबिराच्या दिवशी लेकीच्या पिशवीत सूर्यास्ताआधी खायचा डबा, मांजरपाटाची झोळी, नवार, कासरा, वाकळ, गुण्या आणि कागदाच्या पुडीत राख असं सगळं गेलं. तीन दिवसांनी आली ती आधी झोपली आणि मग बोलली. तिच्या गटातल्या दोघींचे विकतचे हॅमॉक पहिल्या रात्री ताणून बांधलेले होते, तिने आज्जीची गाठ घालून सैल करून दिले. राखेची पुडी दुसऱ्याच दिवशी ओली झाली. कापडाला डिंकाचे डाग पडलेत, दोनदा धुतलं, जात नाहीत.

तिच्या बाबांना आत्यांनी भुवईची गोष्ट त्याच आठवड्यात स्वतःच सांगितली, जेवताना. ते आरशात जाऊन खूण बघून आले आणि म्हणाले, "म्हणजे मला इतकी वर्षं उंबऱ्याला घाबरायचं काही कारण नव्हतं."

आता आत्यांना सोप्यात एक झोळी हवी आहे, दुपारी पडायला. इचलकरंजीहून आणखी तीन मीटर आणलंय. नेफा घालायचा नाही असा हुकूम आहे, आणि जमिनीपासून फूटभरच उंच.